सहा मशिनं आणि माझी काकू

माझी काकू बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठला ड्रायव्हर कुठल्या मार्गावर जाणार, कुणाला रजा आणि कुणाला नाही, हे सगळं ती काचेच्या एका खोलीत बसून ठरवायची. समोर माइक, मागे भिंतभर ड्यूटीचा बोर्ड. ड्रायव्हर लोक तिला घड्याळबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

माझी आई म्हणजे तिची मोठी जाऊ. दोघींचं फारसं कधी जमलं नाही, आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. मी चार वर्षांची असताना मावशीला बाळ झालं, म्हणून आई मला कडेवर आणि दोन बॅगा हातात घेऊन डेपोत धावत शिरली. गाडी हलायच्या बेतात होती. काचेमागे स्वतःची धाकटी जाऊ बसलेली. आईनं हात हलवला. काकूनंही हात हलवला आणि माइकवरून गाडी सोडली.

"दोन मिनिटं! दोन मिनिटं थांबवता आली नाही हिला," आई पुढची वीस वर्षं सांगत राहिली.

"गाडीत बावन्न माणसं होती, जाऊबाई. बावन्न दुणे एकशे चार मिनिटं होतात," काकूचं उत्तरही ठरलेलं.

अशी ही काकू निवृत्त झाली आणि घरात सगळ्यांनी धास्ती घेतली. काकांनी तर बागेत फिरायची वेळ सरळ दुप्पट केली. पण चारच महिन्यांत तिला नवीन काम मिळालं, तेही न मागता.

झालं असं, की काकांचे डोळे तपासायला ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथं टोकनचा नुसता गोंधळ. अकरा नंबर आत, बारा नंबर चहा प्यायला, तेरा आणि चौदा भांडणात. काकू दहा मिनिटं गप्प बसली, आणि तिच्या हिशेबानं ते फार झालं. मग उठली, शिपायाकडून खडू मागून घेतला, फरशीवर दोन रेघा ओढल्या आणि वीस मिनिटांत रांग सुरळीत केली. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर जिन्यावर उभे राहून हे बघत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. दवाखान्यात डायलिसिसची सहा मशिनं होती. एक तातडीच्या रुग्णांसाठी राखीव, उरलेली पाच रविवार सोडून रोज तीन पाळ्यांत चालायची. प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर बसावं लागतं. त्यामुळे तीस जणांची सोय व्हायची, एकतिसाव्याची नाही. आणि बाहेर यादीत नेहमी दहा-बारा जण थांबलेले. जागा रिकामी झाली की ती कुणाला द्यायची, हे ठरवायला पाच जणांची समिती होती. किडनीचे डॉक्टर, डायलिसिसच्या मुख्य सिस्टर, दवाखान्याची समाजसेविका, कायद्याचे एक निवृत्त प्राध्यापक आणि एक सामान्य नागरिक. ही सामान्य नागरिकाची खुर्ची दीड वर्षं रिकामी होती. ज्याला विचारावं तो कानाला हात लावायचा.

ती खुर्ची त्यांनी पत्रातून काकूला देऊ केली. काकू हो म्हणाली. काका म्हणाले, "अगं, लोक शिव्या देतील."

"एकतीस वर्षं काय हार घालत होते?"

समितीत नेमकं काय व्हायचं ते मला समाजसेविकेनं नंतर सांगितलं. ती माझ्याच वयाची, आणि काकूची भक्त झालेली. प्राध्यापकांनी गुणांचा एक तक्ता केला होता. वयाचे गुण, घरात अवलंबून किती त्याचे गुण, आणि शेवटी 'समाजाला उपयोग' म्हणून दहा गुण. काकूनं तक्ता नाकाजवळ धरून वाचला.

"हे दहा गुण कोण देणार?"

"आपण. चर्चा करून," प्राध्यापक म्हणाले.

"सर, डेपोत एकदा मी असंच केलं होतं. दिवसाची ड्यूटी कुणाला जास्त गरजेची ते चर्चेनं ठरवायचं. महिन्याभरात सत्तर ड्रायव्हरांच्या सत्तर आया आजारी पडल्या. आणि ज्याला बोलता येत नव्हतं, त्याची खरंच आजारी होती ती तशीच राहिली."

प्राध्यापक हसले, पण दहा गुण सोडायला तयार नव्हते. तीन बैठका त्यावरच गेल्या. शेवटी किडनीचे डॉक्टर म्हणाले, "मला विचाराल तर दोनच गोष्टी सांगता येतात. मशीनचा उपयोग होईल की नाही, आणि किती घाई आहे. कोण चांगला माणूस आहे ते रक्ताच्या रिपोर्टात येत नाही." त्यावर दहा गुण गेले. घाईप्रमाणे गट पाडायचे ठरले. पहिला सगळ्यात घाईचा, मग दुसरा, तिसरा.

मग प्रश्न आला, एकाच गटात दोघं असतील तर? सिस्टर म्हणाल्या, सोपं आहे, ज्याचं नाव आधी नोंदलं त्याला आधी. सगळ्यांना पटलं. काकूलाही आधी पटलंच. पण ती जुनी नोंदवही घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हे नाही चालणार. दवाखान्यापासून पायी अंतरावर राहणारा माणूस पाय सुजले की त्याच दिवशी इथं येतो. डोंगरापलीकडचा आधी गावात औषध घेतो, मग बारक्या दवाखान्यात जातो, मग इथं. दुखणं तेवढंच जुनं, पण नाव महिनाभर उशिरा लागतं. तारीख म्हणजे आजार नव्हे, तारीख म्हणजे अंतर."

"मग काय करायचं?" डॉक्टर म्हणाले.

"चिठ्ठ्या. नाव नाही, नंबर लिहायचा. दाराआड नाही, बाहेर व्हरांड्यात, नातेवाइकांसमोर उचलायची. आणि जो हरेल त्याला त्या गटातली पुढची जागा चिठ्ठीशिवाय."

मतं पडली. तीन विरुद्ध दोन. काकूचा नियम पास झाला आणि भिंतीवर लागला.

पाच महिन्यांनी माझ्या आईच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आमच्या घरापासून दवाखाना चालत सात मिनिटांवर. आईचं नाव लगेच लागलं, पहिल्या गटात, नंबर चौदा. तिच्यानंतर नऊ दिवसांनी त्याच गटात डोंगरापलीकडच्या एका गवंड्याचं नाव लागलं, नंबर तेवीस. आणि त्याच आठवड्यात एक रुग्ण मुलाकडे कायमचा राहायला गेला म्हणून एक जागा मोकळी झाली. जागा एक, माणसं दोन.

बाबा त्या संध्याकाळी काकूकडे गेले. मीही बरोबर होते. बाबांना मागायची सवय नव्हती, त्यामुळे ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

"तू आहेस ना समितीत," शेवटी म्हणाले.

"आहे, भाऊजी."

"मग?"

"मग उद्या मी बाहेर बसणार. नियमच आहे. घरचं माणूस यादीत असलं की त्या दिवशी आपण समितीत नाही."

"हा नियम कुणी केला?"

काका म्हणाले, "कुणी करणार, दादा? बघा की तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता व्हरांड्यात आम्ही उभे होतो. समोर गवंडी आणि त्याची बायको. गवंडी पन्नाशीचा, चेहरा सुजलेला, हातांवर चुन्याच्या जुन्या खुणा. काकू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, एक्स-रेच्या खिडकीजवळच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसली होती. समाजसेविकेनं दोन चिठ्ठ्या सगळ्यांना उघडून दाखवल्या, घड्या घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी उचलायला लिफ्टमनला बोलावलं होतं, कारण त्याची दोन्हीकडे ओळख नव्हती. त्यानं हात पँटला पुसले आणि डोळे मिटून एक चिठ्ठी काढली.

तेवीस.

गवंड्याची बायको मटकन खाली बसली. गवंड्याला काही कळलंच नाही. तो आमच्याकडेच बघत राहिला, जणू काही चूक त्याच्या हातून झाली होती. आई म्हणाली, "चला घरी." एवढंच.

मी मात्र घरी गेले नाही. तरातरा व्हरांड्याच्या टोकाला गेले.

"काकू, तारखेनं लावलं असतं तर आईला मिळाली असती जागा."

"हो," काकू म्हणाली. "नऊ दिवसांच्या फरकानं."

"तू बदललंस ते."

"हो."

मला वाटलं होतं ती काहीतरी समजावेल, मग मला भांडता येईल. तिच्या हातात पर्सचा पट्टा होता आणि तो तिनं बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळला होता, की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

जागा मिळेपर्यंत आईला आठवड्यातून दोनदा मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घेणार होते. जायला अडीच तास, यायला अडीच तास. मला नोकरी, बाबांचे गुडघे गेलेले. कोण नेणार, यावर आम्ही रात्रीच्या जेवणाला भांडलो आणि काही ठरलं नाही.

पहिल्या खेपेच्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराची बेल वाजली. काकू. पायात चालायचे बूट, पाठीला सॅक, हातात एक कागद. कागदावर जाण्यायेण्याच्या सगळ्या गाड्या, कुठल्या गाडीला कुठल्या बाजूला ऊन लागतं, कुठल्या थांब्यावरचं स्वच्छतागृह स्वच्छ असतं, सगळं लिहिलेलं.

आई दारात आली आणि बाबांना म्हणाली, "हिला सांगा, मला कुणाचे उपकार नकोत."

"भाऊजी, त्यांना सांगा उपकार नाहीत. मला घरी बसून कंटाळा येतो," काकू म्हणाली. दोघी एकमेकींपासून तीन फुटांवर.

आई गेली. पहिल्या दोन खेपांना ती काकूशी एक अक्षर बोलली नाही. काकू म्हणे शेजारी बसून मोठ्यांदा गाड्यांवर टीका करायची. "ही बघा, चार मिनिटं उशीर. कुणी विचारणारं उरलं नाही." आई खिडकीबाहेर बघायची.

तिसऱ्या खेपेला परत येताना आईला चक्कर आली. डायलिसिसनंतर येते तशी. स्टँडवर शिरताना पाय उचलेनात, आणि समोर आमच्या गावची गाडी सुटायच्या तयारीत. आई पहिल्यांदा बोलली.

"थांबव की. तुझं ऐकतील ते. ओळखतात तुला."

काकूनं गाडीकडे बघितलं. ड्रायव्हर खरंच तिच्या हाताखालचा होता. त्यानं हातही केला. काकूनंही हात केला आणि गाडी गेली.

"पुढची चाळीस मिनिटांनी आहे," काकू म्हणाली. "या, इथं सावली आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. चक्कर, थकवा, सगळं असताना त्या स्टँडवर बाकावर बसून इतकी हसली, की शेजारच्या माणसानं पाणी पुढे केलं. "तू मरताना यमालासुद्धा वेळेवर सोडशील," आई म्हणाली. काकूही हसली. चाळीस मिनिटं दोघी बोलत बसल्या. वीस वर्षांचं बोलायचं राहिलं होतं, तेव्हा चाळीस मिनिटं अपुरीच पडली. त्या बाकावर आईनं एक प्रश्न विचारला. तो आणि त्याचं उत्तर आईनं मला फार नंतर सांगितलं.

"खरं सांग. तू त्या दिवशी आत असतीस, चिठ्ठी नसती, नुसतं मत द्यायचं असतं, तर कुणाचं नाव घेतलं असतंस?"

"तुमचं," काकू म्हणाली. "विचारसुद्धा केला नसता. म्हणूनच तर बाहेर बसले."

चौथ्या आठवड्यात यादीतली एक बाई गेली. कपड्यांना इस्त्री करायचं दुकान होतं तिचं, नवरा-बायको दोघं चालवायचे. ती दुसऱ्या गटात होती. गट महिन्यातून एकदाच तपासायचे, आणि तिचा आजार मधल्याच दिवसांत वाढला. पुढच्या तपासणीला सहा दिवस असताना तिचं हृदय बंद पडलं.

त्या बैठकीत जागा द्यायची नव्हती, म्हणून काकू आत होती. सिस्टरनी नोंदवही उघडली. कारणाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे लिहिलेलं होतं, 'नाव कमी केले. रुग्ण हजर नाही.'

काकूनं वही स्वतःकडे ओढली. "हजर नाही म्हणजे?"

"असंच लिहितात," सिस्टर म्हणाल्या. त्या स्वतः त्या बाईला नावानं ओळखत होत्या.

"सिस्टर, गाडी सुटली नाही तर आम्ही लिहायचो, ड्रायव्हर नव्हता. टायर नव्हता. डिझेल नव्हतं. प्रवासी आले नाहीत असं नाही लिहीत. प्रवासी तर फलाटावर उभेच होते."

"मग काय लिहायचं?"

"जागा नव्हती. दोन शब्द. आणि मागची वही काढा."

त्या दिवशी मागच्या तीन वर्षांच्या वह्या निघाल्या. 'हजर नाही' अशा तेवीस नोंदी होत्या. समाजसेविकेनं एकेका घरी फोन लावला. दोघं दुसरीकडे राहायला गेले होते, एकाला किडनी मिळाली होती. उरलेले वीस जण वाट बघतच गेले होते. त्यांच्या नावांपुढे काकूनं लाल पेनानं ते दोन शब्द लिहिले. प्राध्यापकांनी, ज्यांच्याशी तिची तीन बैठका खडाजंगी झाली होती, प्रत्येक नोंदीखाली सही केली. किडनीच्या डॉक्टरांनी त्याच दिवसापासून गट दर सोमवारी तपासायला सुरुवात केली. म्हणाले, "हे आधीच करायला हवं होतं."

"मलाही आधीच सुचायला हवं होतं," काकू म्हणाली. "आमचा कागद महिन्याचा होता. तिचं दुखणं रोजचं." इस्त्रीच्या दुकानात जाऊन तिनं हेच त्या नवऱ्याला सांगितलं. तो शर्टाची कॉलर दाबता दाबता म्हणाला, "सांगायला आलात, बाकी कुणी आलं नाही." पुढचे दोन दिवस काका बागेत न जाता तिच्याबरोबर घरीच बसून राहिले.

सातव्या आठवड्यात मशीनवरच्या एका शिक्षकाला त्याच्या बहिणीनं किडनी दिली. पेढ्यापाण्याचा दंगा झाला. जागा रिकामी झाली, आणि आधी हरलेल्याला पुढची जागा या नियमानं ती आईला मिळाली. तेव्हाही काकू बाहेरच बसली. आईला मिळालेली खुर्ची नेमकी गवंड्याच्या शेजारची. आईनं मनातून त्याच्याशी न बोलायचं ठरवलं होतं. तिचा तो जुनाच उपाय. पण गवंडी पहिल्याच दिवशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "बाई, हे प्लास्टर ज्यानं केलंय ना, त्याला या मशीनवर चार तास बसवून बघायला लावलं पाहिजे." आई हसली, आणि संपलं. आता भिंतीत कुठं फुगवटा आहे, कुठं ओळंबा चुकलाय, हे तिलाही कळतं. घरी आली की आमच्या भिंतींना नावं ठेवते.

लाल शाईच्या त्या वह्या मुख्य डॉक्टरांनी वर पाठवल्या. वरून आधी पत्र आलं, की नोंदीत लाल शाई वापरू नये. काकूनं तेच सगळं निळ्या शाईनं लिहून पुन्हा पाठवलं. मग पाहणीला माणसं आली. मग पुन्हा पत्रं. असं करत करत चौदा महिन्यांनी दोन नवीन मशिनं आली, लाकडी खोक्यांतून, मागच्या दारानं, कारण पुढच्या दारातून ती मावेनात.

दोन मशिनं म्हणजे बारा जागा. यादीत त्या दिवशी नऊ माणसं होती. समाजसेविका व्हरांड्यात येऊन एकेक नाव वाचायला लागली. दोन-तीन नावं झाल्यावर उरलेल्यांनी नेहमीसारख्या माना खाली घातल्या. ती वाचतच राहिली. सातवं नाव आलं तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. नववं वाचून तिनं कागद उलटा करून दाखवला. मागे कोरा होता.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "चिठ्ठी कधी उचलायची?"

"नाही उचलायची, आजोबा. सगळ्यांनाच आहे."

त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

काकू तेवढ्यात वही उघडून उभी होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे अजून तीन जागा. आणि तेरावा आला की?"

डॉक्टर म्हणाले, "येईलच हो. आजचा दिवस तरी बसा जरा."

आई त्याच वेळी तिची पाळी संपवून, हाताला पट्टी दाबत बाहेर आली होती. तिनं बाकावर सरकून जागा केली. काकू बसली. चहा आला. वही मांडीवर होती, पण तिनं ती मिटली होती.